कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला? परत भरायच्या आधी हे वाचा: प्रोसिजरल फेअरनेस आणि ज्युडिशियल रिव्ह्यू, पहिल्या दिवसापासून

माझ्या मावसबहिणीचा कॅनडाचा स्टडी परमिट नाकारला गेला तेव्हा घरात सगळ्यात आधी प्रश्न आला तो "आता परत कधी भरायचा" हा. नाकारला तो बरोबर नाकारला का, हे कुणी विचारलंच नाही, तिच्या एजंटनेही नाही. त्याने तीच फाइल, तोच स्टेटमेंट ऑफ पर्पज, दोन-चार वाक्यं इकडची तिकडे करून परत भरला, परत रिफ्युजल आलं, आणि पहिल्या रिफ्युजलला साठ दिवस उलटून गेल्यावर आम्हाला कळलं की यावर कोर्टात जाता येत होतं. पुढे मी कॅनडात एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काही वर्षं फायली लावायचं काम केलं आणि तेव्हा समजलं की हे आमच्याच घरी झालं नव्हतं, दर आठवड्याला कुणीतरी मुदत संपल्यावर फोन करायचंच.

मी वकील नाही आणि हा लेख म्हणजे कायदेशीर सल्ला नाही. पण वकिलाकडे जायच्या आधी माणसाला काय माहीत असायला हवं, काय विचारायचं, काय जपून ठेवायचं, एवढं तरी तुमच्या हातात असावं म्हणून लिहितोय. सगळं कॅनडापुरतं आहे, दुसऱ्या देशाचे नियम वेगळे.

कोर्ट काय बघतं आणि काय बघत नाही

हे आधी डोक्यात पक्कं बसवा कारण बाकी सगळं यावर उभं आहे. ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणजे अपील नाही. फेडरल कोर्टाचा जज तुम्हाला व्हिसा द्यावा की नाही हे ठरवत नाही, ऑफिसरने निर्णय कसा घेतला हे तपासतो. त्यात मुख्य दोन प्रश्न असतात. एक, पद्धत न्याय्य होती का, म्हणजे तुमच्याविरुद्ध काही शंका होती तर ती तुम्हाला सांगून उत्तर द्यायची संधी दिली का. यालाच प्रोसिजरल फेअरनेस म्हणतात. दोन, निर्णय रीझनेबल आहे का, म्हणजे तुमच्या फायलीतले कागद आणि कायदा यांच्यापासून निघून त्या निष्कर्षापर्यंत ऑफिसर कसा पोचला याची वाट त्याच्या नोट्समध्ये दिसते का.

त्यामुळे "मी तर खरंच परत येणार होतो हो" हे कोर्टात कितीही कळकळीने सांगितलं तरी त्याचा उपयोग नाही. "मी परत येणार याचे हे-हे कागद दिले होते आणि ऑफिसरने त्यांच्याकडे बघितल्याचं कुठेच दिसत नाही" याचा उपयोग आहे.

आणि यातून लगेच पुढची गोष्ट निघते. कोर्टासमोर साधारणपणे तेवढेच कागद जातात जे निर्णयाच्या वेळी ऑफिसरसमोर होते. रिफ्युजलनंतर काढलेलं नवीन बँक स्टेटमेंट, बॉसकडून आणलेलं नवीन पत्र, यातलं काही चालत नाही (पद्धतच अन्याय्य होती हे दाखवायला लागणारा पुरावा हा मोठा अपवाद). म्हणजे तुमची केस खरं तर अर्ज सबमिट केला त्या दिवशीच बांधून झालेली असते. ज्यांनी अजून अर्ज भरलेला नाही त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

लेटर आलं, आता पहिल्या दिवशी काय करायचं

तारीख लिहून ठेवा. पोर्टलवर मेसेज कधी आला, ईमेल कधी आली, तुम्ही कधी उघडली, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन ॲक्टच्या कलम ७२ प्रमाणे निर्णय कॅनडाबाहेरच्या प्रकरणातला असेल तर ६० दिवस आणि कॅनडाच्या आतल्या प्रकरणातला असेल तर फक्त १५ दिवस मिळतात, आणि ते निर्णय तुम्हाला कळवला किंवा कळला त्या दिवसापासून. बाहेरून भरलेला स्टडी परमिट, व्हिजिटर व्हिसा हे सहसा ६० मध्ये येतात, आत राहून मागितलेलं एक्स्टेंशन, आतून भरलेला वर्क परमिट हे १५ मध्ये. जरा जरी शंका असेल तर १५ धरूनच चाला.

इथे लोक जिथे हमखास फसतात ती जागा म्हणजे एजंटचं अकाउंट. अर्ज त्याच्या लॉगिनमधून भरलेला असतो, रिफ्युजल त्याला येतं, तो आठ-दहा दिवस सांगतच नाही कारण त्याला आधी पुढचा प्लॅन जमवायचा असतो, आणि तुमच्या प्रतिनिधीला कळलं म्हणजे तुम्हाला कळलं असंच सहसा धरलं जातं. म्हणून रिफ्युजल लेटरची मूळ पीडीएफ आणि ती ज्या मेसेजबरोबर आली तो मेसेज, दोन्ही मागून घ्या. त्याच वेळी सबमिट केलेल्या सगळ्या फायली जशाच्या तशा मागा, फॉर्म्ससकट. ड्राफ्ट चालणार नाही, खरोखर अपलोड झालेल्याच हव्यात. एजंट टाळाटाळ करायला लागला तर लेखी मागा आणि तो मेल ठेवा.

दुसरी फसायची जागा म्हणजे रिकन्सिडरेशन. ऑफिसरला "कृपया परत बघा" असं वेब फॉर्मने कळवता येतं, आणि नियमाने त्याला परत उघडून बघायचा अधिकारही आहे, पण तो बांधील नाही, आणि मुख्य म्हणजे त्या विनंतीने तुमचे ६० किंवा १५ दिवस थांबत नाहीत. एक मिनिटही थांबत नाहीत! उत्तराची वाट बघत बसलेल्या लोकांची मुदत संपलेली मी इतक्या वेळा बघितली आहे की हे ठळक अक्षरात लिहावंसं वाटतं. विनंती जरूर करा, पण घड्याळ चालूच आहे असं समजून.

मुदत गेलीच असेल तर जज खास कारणासाठी वाढवून देऊ शकतो. त्यासाठी चार गोष्टी बघतात: कोर्टात जायचा इरादा सतत होता का, केसमध्ये काही दम आहे का, उशिरामुळे समोरच्या बाजूचं नुकसान होतंय का, आणि उशिराचं पटण्यासारखं कारण आहे का. "माहीतच नव्हतं" एवढं कारण सहसा पुरत नाही.

तुमचा रस्ता हाच आहे ना, ते तपासा

प्रत्येक रिफ्युजल फेडरल कोर्टाचं नसतं. नवऱ्याला किंवा बायकोला स्पॉन्सर केलं होतं आणि बाहेरून भरलेला अर्ज नाकारला, तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे ३० दिवसांत अपील करायचा हक्क असतो, आणि जिथे अपील उपलब्ध आहे तिथे ते संपवल्याशिवाय कोर्टात जाता येत नाही. ते अपील तर जास्त चांगलं, तिथे नवीन पुरावाही देता येतो. कॅनडात असताना स्टेटस गेलं असेल तर ९० दिवसांत रिस्टोरेशन म्हणजे ते स्टेटस परत मागता येतं, तो वेगळा विषय.

आणि परत अर्ज भरणं हा खरंच योग्य रस्ता कधी असतो? जेव्हा फायलीत खरोखर भोक होतं. बँक स्टेटमेंट चारच महिन्यांचं लावलं, पैसे कुठून आले ते सांगितलंच नाही, कोर्स का निवडला यावर चार ओळी इंटरनेटवरून उचललेल्या. मग ऑफिसरचं काही चुकलेलं नाही, कोर्टात जाऊन पैसे घालवू नका, भोक बुजवा आणि नवीन अर्ज करा. दोन्ही रस्ते एकदम धरायलाही बंदी नाही, पण नवा अर्ज मंजूर झाला की जुन्या केसमध्ये काही उरत नाही.

मिसरेप्रेझेंटेशनचा, म्हणजे खोटी माहिती दिल्याचा किंवा माहिती लपवल्याचा ठपका असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. कलम ४० खाली ५ वर्षांची बंदी लागते, त्या काळात पर्मनंट रेसिडन्सचा अर्जसुद्धा करता येत नाही, म्हणजे "परत भरू" हा पर्यायच संपतो. तिथे वेळ न घालवता थेट वकील.

ऑफिसरच्या नोट्स मिळवा आणि हळूहळू वाचा

रिफ्युजल लेटर हा छापील नमुना असतो, त्यात टिक केलेली कारणं असतात: तुम्ही मुदतीअखेर कॅनडा सोडाल अशी खात्री पटली नाही, भेटीचा उद्देश, कौटुंबिक संबंध, पैसे. खरी कारणं असतात जीसीएमएस नावाच्या सिस्टीममधल्या नोट्समध्ये. आणि या नोट्स म्हणजेच निर्णयाची कारणं असं धरलं जातं, हे १९९९ च्या बेकर केसपासून चालत आलंय. मेव्हिस बेकर ही जमैकाहून आलेली बाई, कॅनडात घरकाम करून राहिलेली, तिची चार मुलं कॅनडात जन्मलेली, आणि तिला देशाबाहेर काढायचा हुकूम झाला तेव्हा तिने मानवी कारणांवर राहू देण्याची विनंती केली. नकाराचं पत्र कोरडं होतं, पण मागवल्यावर हाती आलेल्या ऑफिसरच्या नोट्समध्ये तिच्या आजारपणाबद्दल, मुलांच्या संख्येबद्दल असं काही लिहिलेलं होतं की सुप्रीम कोर्टाने पूर्वग्रहाची शंका येते म्हणून निर्णय रद्द केला. पत्रावर थांबली असती तर केस तिथेच संपली असती.

नोट्स मिळवायचे तीन रस्ते. २९ जुलै २०२५ पासून स्टडी परमिट, वर्क परमिट, व्हिजिटर व्हिसा अशा काही प्रकारांत इमिग्रेशन खातं लेटरबरोबरच ऑफिसरच्या निर्णयाच्या नोट्स जोडायला लागलंय, तेव्हा आधी लेटरची सगळी पानं नीट बघा. नसतील तर प्रायव्हसी ॲक्टखाली स्वतःची माहिती फुकट मागता येते, आणि जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेर बसलेल्या परदेशी माणसालाही हा हक्क आहे. कॅनडात असलेला माणूस तुमच्या संमतीने ५ डॉलर भरून ॲक्सेस टू इन्फर्मेशनखाली मागू शकतो. कागदावर दोन्हीला ३० दिवस, प्रत्यक्षात कधीकधी जास्त, म्हणून त्याच दिवशी अर्ज टाका. आणि तिसरा, कोर्टात अर्ज दाखल केला की कोर्टाच्या नियम ९ खाली रजिस्ट्रीच खात्याकडून कारणं मागवते. म्हणजे नोट्स आल्या नाहीत म्हणून मुदत जाऊ द्यायची नाही, दाखल करा, नोट्स येतील.

वाचायचं कसं ते एका फायलीवरून सांगतो. तीसेक वर्षांची बाई, मास्टर्सला जाणार, खात्यात अर्जाच्या आधी तीन महिने मोठी रक्कम एकदम आलेली. नोट्समध्ये जे होतं त्याचा आशय असा की खात्यात अलीकडे मोठी रक्कम जमा झालेली दिसते, तिचा स्रोत स्पष्ट नाही, सबब पुरेसा निधी उपलब्ध असल्याची खात्री नाही. वाचून ती बाई रडायला लागली, म्हणाली मी तर सगळं दिलं होतं. आम्ही तिची अपलोड केलेली पीडीएफ उघडली आणि एकेक पान खाली सरकवत गेलो. पान ३१ वर वडिलांनी घर विकल्याचं खरेदीखत, ३४ वर खरेदीदाराच्या खात्यातून पैसे आल्याची बँकेची एंट्री, आकडा रुपयापर्यंत जुळणारा, आणि पहिल्याच पानावरच्या कव्हर लेटरमध्ये "खात्यात आलेली रक्कम घराच्या विक्रीची आहे, पान ३१ बघावे" असं लिहिलेलं. आता नोट्समध्ये "खरेदीखत बघितलं पण पटलं नाही कारण अमुक" असं असतं तर केस अवघड होती. खरेदीखताचा उल्लेखच नव्हता.

म्हणून एक साधा तक्ता करा, दोनच रकाने. डावीकडे नोट्समधलं एकेक वाक्य, अक्षरशः उतरवून. उजवीकडे त्या वाक्याला छेद देणारा किंवा उत्तर देणारा कागद फायलीत कुठल्या पानावर होता. ज्या ओळींसमोर उजवीकडे काहीच लिहिता येत नाही त्या तुमच्या कमकुवत जागा, त्याही लपवू नका, वकिलाला पहिल्यांदा त्याच दाखवा. हा तक्ता घेऊन गेलात तर पहिल्या भेटीत केसमध्ये दम आहे का ते कळतं.

प्रोसिजरल फेअरनेस: कधी विचारायलाच हवं होतं

लोकांचा समज असा की कागद कमी पडला तर ऑफिसरने फोन करून मागायला हवा. तसं नाही. व्हिसा अर्जात फेअरनेसचं प्रमाण खालच्या टोकाला असतं, पुरेसे कागद देणं ही अर्जदाराची जबाबदारी, आणि कायद्यातच लिहिलेली अट तुम्ही पूर्ण केली नाही तर ऑफिसरला आधी इशारा द्यायची गरज नाही.

पण तुम्ही दिलेली माहिती खरी आहे का, कागद अस्सल आहे का, माणूस विश्वासार्ह आहे का, अशी शंका आली की मात्र ती तुमच्यासमोर ठेवून उत्तर द्यायची संधी द्यावी लागते. हा फरक हसानी नावाच्या २००६ च्या केसमध्ये जज मोझली यांनी मांडला आणि आजही वकील जवळजवळ प्रत्येक अर्जात तो लावतात. तसंच ऑफिसरने तुम्हाला माहीत नसलेली बाहेरची माहिती वापरली, समजा तुमच्या कंपनीत फोन केला आणि उचलणाऱ्याने "अशी व्यक्ती इथे नाही" सांगितलं, तर ते तुम्हाला कळवून विचारायला हवं. कदाचित फोन रिसेप्शनवरच्या नवीन माणसाने उचलला असेल, कदाचित तुमचं ऑफिसमधलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल.

अडचण अशी की ऑफिसर "माझा विश्वास नाही" असं सरळ लिहीत नाहीत. लिहितात "पुरेसा पुरावा नाही". मग बघावं लागतं की हे खरंच पुराव्याच्या कमतरतेबद्दल आहे, का पुराव्याच्या आडून तुम्हाला खोटं ठरवलंय. नोकरीचं पत्र दिलंय, त्यावर पद, पगार, सही, फोन नंबर सगळं आहे, आणि नोट्समध्ये "अर्जदार तिथे नोकरी करत असल्याचं समाधान झालं नाही" एवढंच असेल, तर ही मला तरी झाकलेली अविश्वासाची शंका वाटते, आणि वकील त्यावर भांडू शकतो.

फेअरनेस लेटर आलं असेल तर थांबा आणि शांत व्हा

निर्णयाच्या आधी शंका कळवणारं जे पत्र येतं त्याला प्रोसिजरल फेअरनेस लेटर म्हणतात. हे पत्र म्हणजे रिफ्युजल नाही, उलट संधी आहे, पण घाबरून लोक दोन तासांत चार ओळींचं माफीपत्र पाठवून मोकळे होतात आणि स्वतःच चूक कबूल केल्याचा पुरावा तयार करून ठेवतात.

सगळ्यात जास्त दिसणारी भानगड म्हणजे फॉर्ममधला तो प्रश्न: कॅनडा किंवा दुसऱ्या कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारलाय का. सहा वर्षांपूर्वी अमेरिकेने नाकारलेला असतो, एजंट म्हणतो "जुनं झालं ते, नो टाक", आणि देशादेशांत माहितीची देवाणघेवाण होते त्यामुळे ते ऑफिसरच्या स्क्रीनवर आधीच असतं. मग पत्र येतं. "एजंटने भरलं, मला माहीत नव्हतं" हा बचाव फार क्वचित टिकतो कारण फॉर्मवर सही तुमची असते, आणि प्रामाणिक चुकीची सवलत अगदी अरुंद आहे. पण तरी उत्तर नीट द्यायचंच.

उत्तर लिहिताना मुदत किती आहे ते पहिल्यांदा बघा, कमी वाटली तर संपायच्या आत कारण देऊन वाढवून मागा. ऑफिसरने नेमकी कुठली शंका लिहिली आहे ते मुद्दे वेगळे काढा, आणि ज्या क्रमाने त्याने विचारलंय त्याच क्रमाने उत्तर द्या, प्रत्येकाला कागद जोडून. पत्रच मोघम असेल, "आम्हाला तुमच्या कागदांबद्दल शंका आहे" इतकंच, तर कुठला कागद आणि काय शंका ते लेखी विचारा. पुढे कोर्टात गेलात तर ही तुमची विचारणा आणि तिला आलेलं किंवा न आलेलं उत्तर, यावर फेअरनेसचा अख्खा मुद्दा उभा राहू शकतो. आणि खोटं झाकायला दुसरं खोटं घालू नका, यातून कुणी सुटलेलं मी बघितलेलं नाही.

निर्णय अनरीझनेबल आहे हे कसं दाखवतात

इथे कायदा आहे तो १९ डिसेंबर २०१९ च्या वाविलोव्ह निकालाचा. तो मुळात व्हिसाचा खटलाच नव्हता, टोरांटोत जन्मलेल्या आणि आईबाप रशियन हेर निघालेल्या मुलाच्या नागरिकत्वाचा होता, पण सरकारी निर्णय कोर्टाने कसे तपासायचे याची चौकट त्यात घालून दिली. निर्णयामागे सलग विचारांची साखळी हवी, ती समोरच्या कागदांशी आणि कायद्याशी जुळायला हवी, आणि माणसाच्या मुख्य मुद्द्यांना उत्तर मिळालेलं दिसायला हवं. कारणं लांबलचक हवीत असं नाही, व्हिसा ऑफिसरला रोज ढिगाने फायली बघायच्या असतात हे कोर्ट मान्य करतं, चार ओळीही चालतात. पण त्या चार ओळी तुमच्या फायलीबद्दल असायला हव्यात. आणि ऑफिसरने जे कारण दिलंच नाही ते नंतर सरकारी वकिलाने कोर्टात रचून चालत नाही.

सरकारी बाजू नेहमी म्हणते की ऑफिसरने सगळे कागद बघितले असं कायद्याने गृहीत धरायचं असतं. खरं आहे, तसं गृहीतक आहे. त्यावर उत्तर म्हणजे १९९८ ची सेपेडा-गुतिएरेझ केस: जो पुरावा निष्कर्षाच्या थेट उलट जातो तो जितका महत्त्वाचा, तितकं त्याच्याबद्दल मौन पाळणं संशयास्पद. वरच्या पान ३१ च्या खरेदीखताची केस नेमकी इथेच बसते.

नोट्स अनेकदा एकसारख्या का वाटतात असं लोक विचारतात. खातं चिनूक नावाचं एक्सेलवर चालणारं टूल वापरतं, ज्यात अर्जांची माहिती ओळींमध्ये दिसते आणि नकाराच्या तयार वाक्यांची मदत मिळते. फक्त "चिनूक वापरलं" म्हणून कोर्ट निर्णय रद्द करत नाही, तो मुद्दा एकटा नेलेल्यांच्या हाती फारसं काही लागलेलं नाही. पण तयार वाक्य तुमच्या वस्तुस्थितीला लागूच पडत नसेल, जसं लग्न झालेल्या आणि दोन मुलं मागे ठेवून जाणाऱ्या बाईबद्दल "अविवाहित, अवलंबून कुणी नाही", तर तो अनरीझनेबल निर्णयाचा सरळ पुरावा.

कोर्टात प्रत्यक्ष काय घडतं

पहिलं पाऊल म्हणजे ॲप्लिकेशन फॉर लीव्ह अँड फॉर ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे आधी पुढे जायची परवानगी (लीव्ह) आणि मग तपासणी मागणारा अर्ज. फी ५० डॉलर, ऑनलाइन भरता येतो, प्रतिवादी म्हणून मंत्री असतात, आणि अर्जाची प्रत डिपार्टमेंट ऑफ जस्टिसला बजावून त्याचा पुरावा कोर्टात द्यावा लागतो. स्वतःची केस स्वतः चालवता येते, नाहीतर परवानाधारक वकील. इमिग्रेशन कन्सल्टंट, परवाना असला तरी, फेडरल कोर्टात तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही. कुणी कन्सल्टंट "कोर्टाचं मी बघतो" म्हणाला तर वकिलाचं नाव आणि तो कुठल्या लॉ सोसायटीचा (वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेचा) सभासद आहे ते विचारा, सोसायटीच्या वेबसाइटवर नाव शोधून बघता येतं. वकिलाची फी ५० डॉलरच्या कित्येक पट असते, ती टप्प्याटप्प्याने ठरवून घ्या: लीव्हपर्यंत किती, सुनावणीपर्यंत किती, मधेच सेटल झालं तर किती.

मग येतो ॲप्लिकंट्स रेकॉर्ड, म्हणजे निर्णय, नोट्स, तुमचं शपथपत्र, जोडलेले कागद आणि युक्तिवाद. याला नियमात ३० दिवस होते, मे २०२५ मध्ये कोर्टाने केसेसचा ढीग बघून इमिग्रेशनच्या प्रकरणांत ते ७५ केले, तरी नेमकी तारीख कुठली ते वकिलाकडून लेखी घ्या, कारण रेकॉर्ड वेळेत गेला नाही तर केस तिथेच बाद होते. शपथपत्र आणि मूळ फाइल यांत विसंगती नको, शपथपत्रात नवीन गोष्टी घुसडायचा मोह आवरा.

मग सरकारी बाजूचं उत्तर, त्यावर तुमचं छोटं प्रत्युत्तर, आणि एक जज फक्त कागद वाचून ठरवतो की लीव्ह म्हणजे पुढे जायची परवानगी द्यायची का. नाकारली तर सहसा कारण देत नाहीत आणि त्यावर अपीलही नाही. हा टप्पा सगळ्यात निर्दयी आहे, चांगल्या वाटणाऱ्या केसेस इथे एका ओळीत संपतात, हे मनाची तयारी म्हणून सांगतो. मिळाली तर सुनावणी ३० ते ९० दिवसांच्या आत लागते, त्याआधी खात्याकडून अख्खी सर्टिफाइड फाइल येते, आणि ती आली की पहिलं काम म्हणजे तुम्ही अपलोड केलेलं सगळं त्यात आहे का ते मोजणं. एखादा महत्त्वाचा कागद गायब असेल तर तोच एक मोठा मुद्दा होतो.

स्टडी परमिटवाल्यांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून एक सोपा पायलट प्रोजेक्ट आहे. त्यात लीव्ह आणि मूळ प्रश्न एकदमच, सुनावणीशिवाय, कागदांवर ठरतात, फी तीच. कोर्टाने तो आणताना १४ ते १८ महिन्यांचं काम साधारण ५ महिन्यांत होईल असं म्हटलं होतं. पण दोन्ही बाजूंची संमती लागते, केस साधी हवी, आणि मिसरेप्रेझेंटेशनसारखे मुद्दे असतील तर तो नाही.

मधेच सेटलमेंटचा फोन येतो

याबद्दल कुणी आधी सांगत नाही. सरकारी वकील फाइल वाचतो, त्याला स्वतःला दिसलं की हा निर्णय कोर्टात टिकणार नाही, तर तो लढत बसत नाही, तुम्ही केस मागे घ्या आणि खातं दुसऱ्या ऑफिसरकडून परत निर्णय करून घेईल असा प्रस्ताव पाठवतो. सुनावणी जिंकूनही बहुतेक वेळा हेच मिळतं, त्यामुळे मला तरी हा प्रस्ताव घेण्यासारखा वाटतो. फक्त त्यात दोन गोष्टी लिहून घ्या: नवीन कागद द्यायची संधी मिळेल आणि त्यासाठी ठरावीक दिवस मिळतील. जिंकलात तरी खर्च परत मिळेल असं समजू नका, या केसेसमध्ये खास कारणाशिवाय खर्च देत नाहीत.

नवीन ऑफिसर परत नाकारू शकतो, हेही खरं. म्हणून परत निर्णयाची वेळ आली की जुन्याच फायलीच्या भरवशावर बसायचं नाही. कॉलेजकडून नवीन सेमिस्टरचं लेटर ऑफ ॲक्सेप्टन्स घ्या कारण जुन्याची तारीख केव्हाच उलटलेली असते, प्रांताचं अटेस्टेशन लेटर लागत असेल तर ते अजून चालतं का बघा, पैशांची आताची अट तपासा कारण १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला क्वेबेक सोडून बाकी कॅनडासाठी राहण्याखाण्याचे वर्षाला २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, फी आणि प्रवास वेगळा, आणि त्याआधी हा आकडा २०,६३५ होता. मेडिकल, पासपोर्टची मुदत, सगळं एकदा बघा.

त्या खरेदीखतवाल्या बाईची केस सेटल झाली तेव्हा आम्ही नवीन कागदांबरोबर एक पानाचं कव्हर लेटर पाठवलं, त्यात जुन्या ऑफिसरची पैशांबद्दलची शंका जशीच्या तशी उतरवली आणि तिच्याखाली खरेदीखत, बँक एंट्री, वडिलांचं शपथपत्र, प्रत्येकाचा पान क्रमांक घातला. पीडीएफमध्ये खरेदीखत आता पान ३१ वर नव्हतं, कव्हर लेटरच्या लगेच मागे, पान २ वर होतं.